बोनेटवरचे टवके आणि दारावरच्या रेघा

प्रश्न : दसऱ्याला गडद निळ्या रंगाची नवी गाडी घेतली. सासर गुहागरला, त्यामुळे मुंबई-गोवा महामार्गाने सारखं जाणं-येणं असतं. एवढ्यातच बोनेटच्या पुढच्या कडेला बारीक पांढरे टवके दिसू लागलेत आणि उन्हात दारांवर गोल गोल रेघा चमकतात. शोरूमवाले म्हणतात, सिरॅमिक कोटिंग करा, खडी लागली तरी काही होणार नाही. शेजारचे काका म्हणतात, अख्ख्या गाडीला पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लावा. दोन्हीकडे खर्च भरपूर. काय करू?
— एक वाचक भगिनी, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, टवके आणि रेघा ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच उपायाने दोन्ही जातील असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका.

आधी टवके. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चकाकीचा थर, असे थर असतात. सगळे मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा. सिरॅमिक कोटिंग हा द्रव लेप त्यावर वाळून एक-दोन मायक्रॉनची भर घालतो. त्याचा उपयोग आहे: पाणी घसरतं, चिखल लवकर सुटतो, कबुतराची घाण रंगात उतरायच्या आत धुवायला थोडा वेळ मिळतो. पण डंपरमागून उडालेली खडी त्याने अडत नाही. शिवडीतल्या आमच्या रंगकामाच्या शेडमध्ये सिरॅमिक केलेल्या गाड्यासुद्धा टवके घेऊन येतात. शोरूमवाल्यांना ते वाक्य बिलावर लिहून द्यायला सांगा, म्हणजे काय ते कळेल.

खडीपुढे जाडीच लागते आणि ती फिल्ममध्ये असते. चांगली पीपीएफ टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची, 150 ते 200 मायक्रॉनची असते. तुमच्या सगळ्या रंगाहून जाड. दगड लागला की ती दबते, मार स्वतःवर घेते. अशा फिल्मची सुरुवात व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांची पाती वाळू-खड्यांपासून वाचवण्यासाठी झाली. चांगल्या फिल्मवरचे हलके ओरखडे उन्हाच्या उबेने आपोआप भरूनही येतात.

पण काकांचा 'अख्खी गाडी' हा सल्ला मला पटत नाही. खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो, आणि छतावर नि डिकीवर खडी येते कुठून? पुढचा बंपर, बोनेट, आरशांच्या पाठी, काचेच्या दोन बाजूंचे खांब आणि पुढच्या चाकांमागची खालची पट्टी, एवढं झाका. जमलं तर दाराच्या हँडलमागची खोबणही. तिथे नखं आणि अंगठ्या लागतात. दुकानदाराला विचारा, फिल्म टीपीयूची की पीव्हीसीची. पीव्हीसी स्वस्त पडते, पण लवकर पिवळी होते. फिल्म कॉम्प्युटरवर कापून आणतात की गाडीवर ठेवून ब्लेडने कापतात, हेही विचारा. ब्लेड जरा खोल गेलं की कडेने क्लिअर कोट कापला जातो आणि ते फिल्म काढेपर्यंत कुणाला दिसत नाही.

आत्ताचे टवके पांढरे आहेत म्हणजे बहुधा खालचा प्रायमर दिसतोय, पत्रा अजून झाकलेला आहे. तांबूस ठिपका दिसला तर मात्र गंज धरलाय. आपल्या खाऱ्या हवेत पावसाळ्याआधी हे बुजवायलाच हवं. दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली स्टिकरवर रंगाचा कोड असतो, त्यावरून टचअपची, म्हणजे टवके बुजवायच्या त्याच रंगाची छोटी बाटली घ्या. टवका धुऊन पूर्ण वाळवा आणि टूथपिकच्या टोकाने थेंब ठेवा. वाळला की दुसरा. बाटलीतला ब्रश वापरू नका, शेजारचा चांगला रंगही माखतो.

एवढ्यासाठी कुणी बोनेट रंगवून घ्या म्हणालं तर नाही म्हणा. माझं पोट रंगकामावर आहे, तरी सांगते. कारखान्यात वायरिंग आणि सीट बसण्याआधी रंग 140 अंशांच्या आसपास भाजतात. तयार गाडी आम्हाला तेवढी तापवता येत नाही. असलेला मूळ रंग जपा.

रस्त्यावर एकच सांगणं: पेण-वडखळकडे खडीचा डंपर पुढे असेल तर अंतर ठेवा, वेग उतरवा. वेग निम्मा केला की त्याच दगडाचा मार चौथाईवर येतो.

आता रेघा. त्या महामार्गावरच्या नाहीत, तुमच्या पार्किंगमधल्या आहेत. मुंबईभर इमारती पाडून बांधणं चाललंय, त्यामुळे गाडीवर बसते ती वाळू-सिमेंटची धूळ. वाळूचा कण क्लिअर कोटहून कितीतरी कठीण. त्यावर कोरडा फडका फिरला की रेघ आलीच. पण गाडी पुसणाऱ्या दादांवर रागावू नका. सकाळी सातच्या आत ओळीने गाड्या उरकायच्या, त्याही एका बादलीत, कारण सोसायटी त्यांना नळ देत नाही. हे मला फार लागतं. सेक्रेटरींकडे नळाची मागणी करा, दादांना दोन बादल्या आणि दोन मायक्रोफायबर फडकी द्या, आणि पाणी नसेल त्या दिवशी पुसूच नका म्हणून सांगा. धुळीची गाडी धुळीचीच राहू दे. उघड्यावर कव्हरही नको. वाऱ्याने ते हलतं आणि आतली धूळ घासत राहते.

आहेत त्या रेघांसाठी एकदाच हलकं मशीन पॉलिश करून घ्या. दर सहा महिन्यांनी रबिंग, म्हणजे असं घासून पॉलिश, केलंत तर क्लिअर कोट झिजत जाईल.

क्रम असा ठेवा: टचअप, तो पक्का वाळला की पॉलिश, मग पुढच्या भागाला फिल्म; सगळं जूनच्या आत. फिल्म लावल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नका, आणि नंतरही प्रेशर वॉशरचा फवारा फिल्मच्या कडेवर जवळून मारू देऊ नका.