बिझनेसचं तिकीट, इकॉनॉमीची सीट

प्रश्न : म्युनिक-मुंबई बिझनेस क्लासचं विमान रद्द झालं. दुसऱ्या दिवशी इकॉनॉमीत बसवलं. भाड्यातला फरक मागू का?

उत्तर : फरक नको, टक्केवारी मागा. युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानांना २६१/२००४ हा नियम लागू होतो. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या उड्डाणात खालच्या वर्गात बसवलं, तर त्या टप्प्याच्या भाड्याचे ७५ टक्के ७ दिवसांत परत मिळायला हवेत. फरक बहुतेकदा याहून कमी भरतो, म्हणून कंपनीने व्हाउचर पुढे केलं तरी घाईने होकार देऊ नका. जुनं ई-तिकीट आणि नवा बोर्डिंग पास दोन्ही जपा. पासवर छापलेला वर्ग हाच पुरावा. रद्द झाल्याचे ६०० युरो वेगळे मागा, मात्र कारण खराब हवामान असेल तर ते मिळत नाहीत. हॉटेल-जेवण तरीही कंपनीकडेच.