वेट फ्लाय, कडकनाथचं पीस आणि तीर्थनचा ट्राउट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हिमाचलच्या तीर्थन नदीतल्या ब्राउन ट्राउट या माशावर लिहिलं होतं. त्यात वेट फ्लाय म्हणजे गळावर रेशीम आणि पीस गुंडाळून केलेला किडा, जो पाण्यावर तरंगत नाही तर पाण्याखाली वाहत जातो, एवढंच एका ओळीत सांगून पुढे गेलो होतो. त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले, तर या वेळी पूर्ण सदर त्यालाच.

प्रश्न : भाऊ, मला पार्ट्रिज अँड ऑरेंज ही वेट फ्लाय बांधायची आहे. पार्ट्रिज म्हणजे आपला तित्तिरच न? उमरेडकडे काकांच्या शेतात खूप तित्तिर आहेत, एखादा धरला तर चालेल का? बाहेरून पीस मागवायचं तर फार महाग पडते. – एक वाचक, महाल

नाही भाऊ, तित्तिराला हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण एका फ्लायला एकच पीस लागतं आणि तेवढ्यासाठी शेतातला पक्षी मारायचा याला काही अर्थ नाही. या फ्लायमध्ये पार्ट्रिजचं पीस का वापरतात तर ते मऊ असतं, भुरकट असतं आणि त्यावर बारीक ठिपके-रेघा असतात म्हणून पाण्यात ते किड्याच्या पायांसारखं दिसतं. हे तिन्ही गुण पोल्ट्रीत पाळलेल्या बटेरच्या पिसात आहेत. जे बटेर विकतात त्यांना आधीच सांगून ठेवा की पाठीवरची पिसं फेकू नका, मला द्या. गिनी फाउल पाळणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याचंही लहान पीस चालतं. आणि काळी स्पायडर, म्हणजे पंख नसलेली, मऊ पिसाची साधी वेट फ्लाय, बांधायची असेल तर कडकनाथ कोंबडीच्या मानेचं पीस घ्या. कोंबडीचंच बरं का, कोंबड्याचं नको, कारण कोंबड्याचं पीस कडक असतं, ते ड्राय फ्लायला पाण्यावर उभं राहायला लागतं, आपल्याला भिजून लोळणारं पीस पाहिजे.

रेशमासाठी परदेशी रीळ शोधत बसू नका, नागपूरच्या इतवारीत दागिने गुंफून देणाऱ्या पटव्याकडे बारीक रेशमी दोरा मिळतो, त्याचा पीळ सोडवून एकच धागा काढा. आपल्याकडचा कोसा मी खूप हौसेनं वापरून पाहिला पण तो जाड आहे, १४ नंबरच्या गळावर अंग फुगतं, तो १० नंबरसाठी ठेवा (नंबर जितका मोठा तितका गळ लहान). रंगाचं एक लक्षात घ्या, रेशीम भिजलं की गडद होतं, दुकानात जो भगवा दिसतो तो पाण्यात जवळजवळ तपकिरी होतो, म्हणून दोरा घेतानाच बोट ओलं करून त्यावर लावून बघा आणि ओला रंग बघूनच घ्या, मासा काही तुमचा कोरडा दोरा बघणार नाहीये.

आता बांधणं. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ धरून ठेवणाऱ्या छोट्या शिकंजात, घट्ट लावा, दोऱ्याला मधमाशीचं मेण चोळा. गळाच्या डोळ्याच्या, म्हणजे दोरा ओवायच्या भोकाच्या, मागून सुरू करून एकाला एक लागून वेढे देत मागे या आणि गळाचं टोक जिथं येतं तिथंच थांबा, वाकणापर्यंत जाऊ नका, जुन्या पद्धतीच्या स्पायडरचं अंग आखूडच असतं. मग परत वेढे देत डोळ्याकडे या. झालं अंग, रेशमाचे दोन थर, बाकी काही भरायचं नाही. पिसाच्या बुडाचा कापसासारखा भाग काढून टाका, टोकाकडून बांधा आणि दीड वेढा द्या. पिसाचे केस मागे वळवले की गळाच्या वाकणाच्या किंचित पुढे जातील एवढेच लांब असावेत. चार-पाच वेढ्यांची गाठ ओढून दोरा कापा.

दीड वेढा म्हणजे दीडच. सगळं यातच आहे म्हणून जोर देऊन सांगतोय. नवीन माणसाला वाटतं की पीस जास्त लावलं तर फ्लाय भरगच्च आणि छान दिसेल, व्हाइसमध्ये ती दिसतेही छान, पण खरं काय ते पाण्यात कळतं. माझ्या टेबलावर एक काचेचा ग्लास कायम भरलेला असतो, बांधलेली प्रत्येक फ्लाय दोऱ्याला लावून त्यात बुडवतो आणि हळूहळू वरखाली करतो. पाच वेढ्यांची फ्लाय छत्रीसारखी ताठ राहते, हवेचे बुडबुडे धरून ठेवते आणि बुडायलाच तयार नसते. दीड वेढ्याची लगेच भिजते, ओढली की केस अंगाला चिकटतात, सोडली की उघडतात, परत चिकटतात. किडा जिवंत आहे असं माशाला वाटतं ते या उघडण्या-मिटण्यामुळं.

प्रश्न : मागच्या एप्रिलमध्ये तीर्थनकाठच्या गुशैनीला तीन दिवस राहिलो. मासे पाण्यावर येत होते, डोळ्यानं दिसत होते पण माझ्या वेट फ्लायला एकही लागला नाही. मी नदीच्या खालच्या अंगाला तिरपं फेकून फ्लाय काठाकडे वळू देत होतो, व्हिडिओत तसंच दाखवतात. काहून झालं असेल असं? – एक वाचक, सक्करदरा

भाऊ, तुम्ही केलं ते चूक नाही, रुंद आणि एकसारख्या वाहणाऱ्या नदीत ती पद्धत चांगलीच चालते. पण तीर्थन तशी नाहीये, तिथं दर दोन हातावर दगड आणि दगडामागे वेगळा प्रवाह, कुठं जोरात तर कुठं थांबलेलं पाणी. अशा ठिकाणी लांब लाइन खाली फेकली की लाइन मधल्या जोराच्या पाण्यात अडकते आणि फ्लायला फरफटत नेते. खरा किडा प्रवाहाला आडवा पळत नाही, तो पाणी नेईल तसा जातो, मग फरफटणारी फ्लाय बघून मासा तोंड फिरवतो.

दुसरं म्हणजे मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. तुम्ही त्याच्या वरच्या अंगाला उभे असाल तर तुमचे पाय आधी दिसतात, फ्लाय नंतर. म्हणून स्कॉटलंडचा डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यानं १८५७ मध्येच सांगून ठेवलं की खालून वर चला, माशाच्या मागून या आणि फ्लाय वरच्या अंगाला टाका. त्याच्या स्पायडर पण अशाच होत्या, मऊ पिसाच्या आणि विरळ.

पुढच्या वेळी असं करा. लाइन लहान ठेवा, रॉडच्या टोकाबाहेर दोन-तीन रॉड एवढीच. दगडाच्या थोडं वर, तिरपी टाका आणि फ्लाय तुमच्याकडे वाहत येईल तसा रॉड वर उचलत जा, म्हणजे ढील जास्त राहणार नाही आणि ताणही पडणार नाही, हे मधलं साधायला अर्धा दिवस जातो पण एकदा हाताला लागलं की जात नाही. लाइनचं टोक वाहता वाहता अडखळलं, थांबलं किंवा आडवं सरकलं की रॉड उचला, झटका देऊ नका, नुसता उचला. फ्लाय तुमच्या खाली गेली तरी लगेच ओढून घेऊ नका, दोन-तीन सेकंद तशीच लटकू द्या, त्या वेळी ती वर येते आणि तळातून वर येणाऱ्या किड्यासारखी वाटते, कधी कधी नेमका तेव्हाच मासा घेतो.

मासे पाण्यावर येताना दिसत होते म्हणता, तर पुढच्या वेळी नीट बघा, तोंड बाहेर येतंय की नुसती पाठ आणि शेपूट. पाठ दिसत असेल तर मासा पाण्याच्या वर नाही, एक-दोन इंच खाली खातोय, वर निघालेले किडे तिथंच टिपतोय आणि ती वेट फ्लायची वेळ आहे. लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला लावायचा बारीक धागा, ९ फुटांचा पुरे. जुने लोक तीन फ्लाय लावायचे, तुम्ही दोनच लावा, टोकाला पार्ट्रिज अँड ऑरेंज आणि तिच्या दोन-अडीच फूट वर बोटभर दोऱ्यावर काळी स्पायडर. तीन लावल्या की गुंता सोडवण्यात सकाळ जाते.

प्रश्न : पंखवाल्या वेट फ्लाय जास्त सुंदर दिसतात, मला ग्रीनवेल्स ग्लोरी बांधून पाहायची आहे. कठीण आहे का? – एक कॉलेजकन्या, प्रतापनगर

कठीण आहे पण जरूर बांध, आणि तिची गोष्ट माहीत असेल तर बांधायला आणखी मजा येते. १८५४ मध्ये कॅनन ग्रीनवेल नावाचे पाद्री स्कॉटलंडच्या ट्वीड नदीवर मासे धरत होते, ट्राउट एक ठरावीक किडा खात होते आणि ह्यांच्या फ्लायकडे बघतही नव्हते. त्यांनी तो किडा पकडला, स्प्राउस्टन गावच्या जेम्स राइट या फ्लाय बांधणाऱ्याकडे नेला आणि तसाच बांधून घेतला. पंख ब्लॅकबर्ड पक्ष्याच्या पिसाचे, अंग पिवळ्या रेशमाचं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते मेण. पिवळ्या रेशमाला मोच्याचं काळसर मेण चोळलं की पिवळा रंग दबून हिरवट होतो आणि किड्याचा रंग तसाच असतो, वेगळा दोरा रंगवायची गरजच नाही. चपला शिवणाऱ्या दादांना विचारून बघ, दोऱ्याला लावायचं काळं मेण असेल तर सुपारीएवढं पुरतं, नाहीतर मेणात थोडी राळ वितळवून घरी कर.

पंखासाठी आपण पाळीव बदकाचं करडं पीस घेऊ. डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसातून सारख्या रुंदीची एकेक पट्टी काप, दोन्ही जोडून अंगठा आणि बोटाच्या चिमटीत गळावर धर, दोरा चिमटीतूनच सैल वर ने आणि मग सरळ खाली ओढ. चिमूट सोडायची नाही, सोडली की पंख फाटतो किंवा कलतो. पहिले वीस पंख कलतील, कापून परत बांध. अंगावर चमक पाहिजे असेल तर आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठातला जरीचा एक तार काढ, तीन-चार वेढे पुरे. आणि खरं सांगू, माझा अनुभव असा की छोट्या पहाडी नदीत पंखवालीपेक्षा साधी स्पायडरच जास्त मासे देते.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा आहे, तुमचं वाचून पिसं गोळा करतोय. घरात गळ ठेवायची भीती वाटते. आणि त्या पिसांना कसर लागेल न? – एक आई, मानेवाडा

ताई, पहिल्या दिवशीच चपट्या पक्कडीनं सगळ्या गळांचा काटा, म्हणजे टोकाजवळचा उलटा दात, दाबून सपाट करा. मग बोटात गेला तरी तसाच परत निघतो आणि माशालाही कमी इजा होते, मी स्वतः काट्याचा गळ वापरतच नाही. बांधताना त्याला चष्मा घालायला लावा. पिसं रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, बंद पिशवीत घालून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत डब्यात. आपल्या मे महिन्यात मेण पातळ होतं आणि पिसं इतकी कोरडी होतात की वेढा देताना मोडतात, तेव्हा बांधायच्या आधी पीस ओल्या फडक्यात दहा मिनिटं ठेवायला सांगा. मुलाला माझ्याकडून शाबासकी.

प्रश्न : नागपूरजवळ कुठं ट्राउट सोडता येईल का? नाहीतर तीर्थनला कधी जावं? – एक वाचक, धरमपेठ

सोडता येणार नाही. ब्राउन ट्राउटला थंड, ऑक्सिजन भरपूर असलेलं पाणी लागतं, १९-२० अंशांच्या वर पाणी गेलं की तो त्रासात येतो आणि आपल्या तलावांचं पाणी उन्हाळ्यात कुठं जातं ते तुम्हाला माहीत आहे. तो मूळचा भारताचाही नाही, काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास आणि कुल्लू भागात १९०९ च्या सुमारास ब्रिटिशांनी आणला आणि थंड नद्यांमध्ये तो स्वतःच अंडी घालून वाढला. फेकायचा सराव मात्र इथं होतो. मैदानात गवतावर, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून रोज पंधरा मिनिटं फेका. तलावात करायचं असेल तर बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, आधी त्यांना विचारा.

जायचं तर मार्च ते जूनची सुरुवात, किंवा पाऊस सरल्यावर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ असतं. दिल्लीहून मनालीच्या बसनं औटला बोगद्याच्या आधी उतरायचं, तिथून बंजार आणि गुशैनी. मत्स्य विभागाचं लायसन्स काढल्याशिवाय पाण्यात उतरू नका. छोटा थर्मामीटर सोबत ठेवा, दुपारी पाणी तापलं तर रॉड बाजूला ठेवा. मासा सोडताना हात आधी ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतात. पाण्यातच धरा, तोंड प्रवाहाकडे, तो स्वतः निघाला की सोडा.

हिमाचलमध्ये १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, तो अंडी घालण्याचा काळ असतो. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर उथळ पाण्यात आजूबाजूच्यापेक्षा स्वच्छ, उजळ दिसणारी गोट्यांची जागा दिसेल. ती मादीनं शेपटीनं उकरून अंड्यांसाठी केलेली असते, त्यावर पाय देऊ नका, काठाकाठानं वळसा घालून पुढे जा.