बीहडालगतच्या शेताबाबत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

मध्य प्रदेशातील मुरैना आणि भिंड जिल्ह्यांतील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, चंबळ नदीकडची घळ (अशा घळींनी चिरलेली जमीन म्हणजेच बीहड) दर पावसाळ्यात शेतात आत सरकत असेल, तर बुलडोझर लावून ती सपाट करावी आणि मोहरी पेरावी काय. घाईने तसे करू नये, असा आमचा सल्ला आहे.

महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावलेली चंबळ सुमारे ९६० किलोमीटर वाहून यमुनेला मिळते. तिच्या खालच्या टप्प्यात गाळमातीचे जाड थर असून पात्र त्यांत खोल रुतलेले आहे. त्यामुळे काठावरच्या पाण्याला थोड्याच अंतरात मोठा उतार मिळतो. घळ मुख्यतः वाढते ती शेतातून येऊन कड्यावरून खाली कोसळणाऱ्या पाण्यामुळे. हे पाणी कड्याचा पाया पोखरते, वरची माती ढासळते आणि घळीचे तोंड शेताच्या दिशेने मागे येते. भेगांतून मुरलेले पाणी जमिनीच्या पोटात बोगदेही पाडते, म्हणून शेतात अचानक खड्डा पडल्यास तो नुसता बुजवून स्वस्थ बसू नये.

पहिले काम वरच्या पाण्याचे आहे. घळीच्या तोंडापासून तिच्या खोलीच्या निदान दोन-तीन पट अंतर सोडून शेताच्या कडेने बांध घालावा, आणि अडलेले पाणी पक्क्या सांडव्यातून किंवा गवत लावलेल्या चरातून सावकाश खाली उतरवावे. सांडव्याविना घातलेला बांध फुटतो, आणि फुटल्यावर पूर्वीपेक्षा अधिक नुकसान करतो. बांध आणि कडा यांमधली पट्टी नांगरू नये. तिथे मारवेल गवत वाढू द्यावे.

तीन मीटरपर्यंतच्या उथळ घळीत, वरचे पाणी वळवल्यानंतर, पायऱ्यांची शेती करता येते; मात्र सपाटीकरणापूर्वी वरची सुपीक माती बाजूला काढून शेवटी पुन्हा पसरावी, अन्यथा उघड्या पडलेल्या निकस थरात पीक धरत नाही. नऊ मीटरहून खोल घळीत शेतीचा विचारच सोडावा. तिच्या तळात बांबू आणि उतारावर गवत व बाभूळ लावून चराई बंद ठेवावी. वेडी बाभूळ तिथे आपोआप पसरते आणि सरपणही देते, पण तिच्याखाली गवत फारसे टिकत नाही, म्हणून ती मुद्दाम लावू नये.

बीहडातील बरीच जमीन वनखात्याची असल्यामुळे यंत्र लावण्याआधी पटवाऱ्याकडे (तलाठ्याकडे) खसरा, म्हणजे जमिनीची नोंद, तपासून घ्यावा. बांधाचे काम मे अखेरपर्यंत आटोपावे, कारण ताजी, न दाबलेली माती पहिल्याच जोरदार सरीत वाहून जाते.