जुना डावखुरा बेस घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९६०च्या दशकातला डावखुरा फेंडर प्रिसिजन बेस गिटार विकायला आहे. मूळचाच डावखुरा आहे की उजव्या हाताचा उलटवलेला, कसं ओळखावं?

तारा कशा लावल्यात यावर जाऊ नका, तारा कुणीही बदलतो. आधी नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, कडेवरचे ठिपके पाहा. बेस गळ्यात अडकवल्यावर ते वरच्या कडेला, तुमच्या नजरेसमोर यायला हवेत. खालच्या कडेला गेले असतील तर तो नेक उजव्या हाताचा आहे.

मग पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारं चुंबकी साधन. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत येतो. ई आणि ए या जाड तारांखालचा तुकडा नेकच्या बाजूला, तर डी आणि जी या बारीक तारांखालचा ब्रिजच्या, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या, बाजूला. उलटवलेल्या बेसवर ही जागा अदलाबदल होते, त्यामुळे ई तार आखडल्यासारखी वाजते आणि बारीक तारा जास्त गोल. काहींना तोच आवाज आवडतो, पण मग किंमत उलटवलेल्या बेसचीच द्यावी.

शेवटी पट्ट्याचं बटण. ते बॉडीच्या लांब शिंगावर, म्हणजे नेकलगतच्या लांब टोकावर, असायला हवं. छोट्या शिंगावर असेल तर बेस उलटवलेला, आणि त्याचा नेक सारखा जमिनीकडे झुकणार. बटण हलवल्याची बुजवलेली भोकं शोधा. विकणारा पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी, उघडू देत नसेल तर सरळ निघून या.

प्रश्न : आतल्या पॉटवर (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागावर) १३७६६१२ असा आकडा आहे. बेस १९६६चा समजू का?

१३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस ही कंपनी, ६६ म्हणजे वर्ष, १२ म्हणजे त्या वर्षातला आठवडा. पॉट मूळचा असेल तर बेस त्याआधीचा असूच शकत नाही, एवढंच यावरून ठरतं. नंतरचा असू शकतो. पॉटवरचा सोल्डरिंगचा डाग नव्याने दिलेला दिसला, तर तेवढंही ठरत नाही.

प्रश्न : व्हॉल्यूम जरा फिरवला की आवाज एकदम चढतो, पुढे काहीच फरक पडत नाही.

उजव्या हाताचा ऑडिओ टेपर पॉट (आवाज कानाला हळूहळू वाढतोय असं वाटावं म्हणून बनवलेला) उलट जोडलाय. उलट दिशेचा, म्हणजे रिव्हर्स ऑडिओ टेपर बसवा. जुना पॉट मात्र जपून ठेवा, पुढचा गिऱ्हाईक तो मागेलच.

प्रश्न : हात लहान आहेत, ३४ इंचांचा स्केल (तारेची वाजणारी लांबी) झेपत नाही.

हॉफनर ५००/१ पाहा, स्केल साधारण ३० इंच. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये हाच डावखुरा घेतला होता. १९७२ मध्ये चोरीला गेलेला तो बेस सापडल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. व्हायोलिनसारखा दोन्हीकडे सारखा आकार, म्हणून उलटा धरला तरी वेडावाकडा दिसत नाही. फसवणूकही त्यामुळेच सोपी! आवाजाच्या बटणांची पट्टी वाजवताना तारांच्या खालच्या बाजूला हवी; वर, कोपराखाली आली तर समजून जा.

प्रश्न : डावखुऱ्यांसाठी तारांचा संच वेगळा मिळतो का?

नाही, संच तोच. हॉफनरला शॉर्ट स्केलचा घ्या.