मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा भाजीचाच असतो का?

नाही. सांगली जिल्ह्यातील मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी जो भोपळा वापरतात, तो कडू आणि जाड सालीचा असून खाण्याच्या कामी येत नाही; पंढरपूर-मंगळवेढा परिसरात पिकणारा हा भोपळा पूर्ण वाळवून, आतून कोरून, त्यावर लाकडी दांडी बसवली जाते. मला याहून विलक्षण वाटते ती या कारागिरांची परंपरा, कारण शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीच एकोणिसाव्या शतकात वाद्यनिर्मिती आत्मसात केली. घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सरकवलेल्या साध्या सुताच्या धाग्यामुळे जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलते आणि स्वर घुमू लागतो. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.