दहा वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरुणात शू करायला लागलाय, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा पाचवीत आहे, तीन वर्षांचा झाल्यापासून अंथरूण कोरडं असायचं आणि दिवाळीनंतर आठवड्यातून तीन-चारदा ओलं होतंय. सासूबाई म्हणतात, आळस आहे, दोन फटके द्या. आणि पुढच्या महिन्यात शाळेची रायगडची सहल आहे, पाठवू का? तुम्ही साताऱ्याच्या, मी सांगलीची. डॉक्टर नाही, पण माझी मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही यातूनच गेलो, म्हणून लिहिते.

आधी फटक्यांचं. झोपेत लघवी मूल करत नाही, ती होते. पहाटे थंडीत ओल्या चड्डीत जाग यावी असं दहा वर्षांच्या पोराला वाटेल का? सासूबाईंना हे समजवायला जड जात असेल तर डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही सोबत न्या. माझ्या सासूबाईंनी माझं ऐकलं नाही, डॉक्टरांचं एका बैठकीत ऐकलं.

दुसरं म्हणजे, कधीच कोरडी न राहिलेली मुलं वेगळी आणि तुमचा मुलगा वेगळा. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा जणांचं अंथरूण ओलं होतं, दहाव्या वर्षी पाचेक जणांचं, आणि बहुतेकांचं वयाबरोबर थांबतं. पण सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा सुरू झालं, तर सहसा काहीतरी कारण असतं. ते शोधायचं. ‘होईल आपोआप’ म्हणून थांबू नका.

याच आठवड्यात लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्या. क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात दाखवा किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. लघवीत जंतुसंसर्ग झाला असला तरी हे होतं. मधुमेहाची सुरुवातही अशी होऊ शकते, लहान मुलांनाही होतो तो. मूल सारखं पाणी मागतंय, दिवसाही वारंवार लघवीला जातंय, खाऊनही वाळत चाललंय, असं असेल तर आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी साखर तपासा. सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. कुणीतरी तुम्हाला तीळगुळाचे लाडू सांगेलच, आम्हालाही सांगितले होते. साखरेचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तरी गूळ चारू नका.

आमच्याकडे रिपोर्ट सगळे चांगले आले. मग डॉक्टरांनी मुलीला टेबलावर झोपवून पोट दाबून पाहिलं आणि मला विचारलं, शी रोज होते का? मी म्हटलं, होते की. मुलगी म्हणाली, नाही. नऊ वर्षांच्या मुलीला आपण विचारत नाही ना! चार-चार दिवस होत नव्हती. आतडं भरून राहिलं की पुढच्या मूत्राशयावर दाब येतो, त्यात लघवी मावत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पण असं का झालं, ते पाण्याच्या बाटलीनं सांगितलं. चौथीची शाळा संपून ती नुकतीच पाचवीला हायस्कूलला गेली होती. रोज संध्याकाळी दप्तरातून बाटली काढायची तर भरलेली. मी ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला घालायचे. दोन महिने घातलं, आणि एकदाही मनात आलं नाही की पोरगी दिवसभर पाणी का पीत नाही. तिथल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती, मैत्रिणीनं बाहेरून दार धरायचं. मोठ्या मुली दार ढकलायच्या. म्हणून ही सकाळी दहापासून पाचपर्यंत शू दाबून ठेवायची, पाणी टाळायची, आणि घरी आल्यावर झोपेपर्यंत तांब्यानं पाणी प्यायची. हे तिनं मला समोर बसवून विचारल्यावर सांगितलं नाही, स्कूटीवर मागे बसलेली असताना सांगितलं. तुमच्या मुलालाही असंच विचारा, गाडीवर नाहीतर शेंगा सोलताना, नजर न रोखता. अधूनमधून शाळेतून आलेली बाटली हातात घेऊन पाहा.

कडी आम्हीच नेऊन दिली, शाळेनं बसवली. डॉक्टरांनी शी मऊ होण्याची पावडर दिली, ती काही आठवडे चालली. नाश्ता झाला की दहा मिनिटं शीला शांत बसवायचं, दिवसा दर दोन-अडीच तासांनी लघवी, पाणी सकाळपासून वाटून प्यायचं. संध्याकाळचा चहा बंद केला. कोरडं व्हायला अडीच महिने लागले आणि मध्ये दोनदा परत झालं. तुमच्याकडे झालं तर घाबरू नका.

रात्रीसाठी एक युक्ती. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर. ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची, खाली कोरडं तयार. चादर बदलायला मुलालाही हात लावू द्या, पण शिक्षा म्हणून नाही. अर्धवट झोपेत उचलून बाथरूमला नेलं तर चादर वाचते, सवय लागत नाही. घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल किंवा रात्री गुदद्वाराशी खाजवत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. टॉन्सिल, जंत यांनीही हे होतं.

मनाचं कारणही खरं असतं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, तेव्हा माझ्या भावाचं घर पाण्यात होतं. त्याच्या सात वर्षांच्या मुलाचं अंथरूण निवारा केंद्रात नाही, घरी परतल्यावर महिनाभरानं ओलं व्हायला लागलं. पत्र्यावर पाऊस वाजला की हमखास. तुमच्याकडे दिवाळीच्या आसपास काही घडलं का, आठवून पाहा: आजारपण, भांडण, मित्र तुटणं, वर्गात कुणाचा त्रास. एखाद्या ठरावीक माणसाजवळ जायला तो घाबरत असेल, चड्डीत शीही होऊ लागली असेल, तर ते हलक्यात घेऊ नका. मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवा, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो.

आता सहल. तपासण्या ठीक आल्या आणि त्याला जायचं असेल तर पाठवा. अशा दोन-तीन रात्रींपुरती लघवी कमी करणारी गोळी असते. ती डॉक्टरांनीच द्यावी लागते, आधी घरी वापरून पाहायची आणि घेतल्यावर रात्री पाणी अगदी थोडं. एकाच विश्वासातल्या सरांना सांगा, वर्गशिक्षकांच्या ग्रुपवर नको. सतरंजीच्या घडीत मेणकापड शिवून द्या, दिसणार नाही. जास्तीच्या दोन चड्ड्या आणि एक काळी पिशवी दप्तराच्या तळाशी ठेवा, आणि कुठे ठेवलंय ते आदल्या रात्री त्याला एकट्याला दाखवा.