वह्या माळ्यावरून खाली काढा

प्रश्न (पत्र संक्षिप्त केलं आहे): सांगलीत माझी हळदीची अडत आहे. मुलगा अकरावी सायन्सला. गणितात ८८, रसायनशास्त्रात ४१. जेईईचा क्लास बुडवतो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अमेरिकेतल्या बेसबॉलची आकडेमोड करत बसतो. ती बॅट त्याने जन्मात हातात धरलेली नाही. तीन वह्या भरल्यात. एका पानावर लिहिलंय, '१९६८ चे ३०१ हे १९३० च्या ४०१ पेक्षा कमी कशावरून?' हे तिसरीतलं पोरही सांगेल! रागाच्या भरात वह्या माळ्यावर टाकल्या. दोन महिने तो माझ्याशी धड बोलत नाही. थोरल्या भावाचा मुलगा आयआयटीत आहे. याला बारावीनंतर ड्रॉप द्यावा का? क्लास कोणता लावावा?

नमस्कार.

तुम्ही क्लास विचारलात, पण मी त्या माळ्यापाशीच अडकलो आहे. मूळ पत्रात पुतण्याची रँक, त्याचं कॉलेज, त्याचं पॅकेज यावर दीड पान आहे. घरातला मुलगा दोन महिने बोलत नाही, याला एक ओळ. मला काळजी त्या ओळीची वाटते, रसायनशास्त्राच्या ४१ ची नाही. मुलाने स्वतःहून, कुणी न सांगता, तीन वह्या भरल्या आणि त्या तुम्ही न वाचता फेकल्यात. चुकलात. हे स्पष्टच सांगतो, कारण अजून ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

आता ते पान. बेसबॉलमध्ये फलंदाजाला मिळालेल्या संधींपैकी किती वेळा त्याने चेंडू मारून बेस गाठला, हे तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. अमेरिकेत दोन मुख्य लीग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. १९३० साली नॅशनल लीगमध्ये बिल टेरी या फलंदाजाचा आकडा होता ०.४०१. १९६८ साली अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्ट्रेम्स्की पहिला आला तो ०.३०१ वर. वरवर पाहिलं तर टेरी कुठच्या कुठे पुढे. पण १९३० मध्ये त्या अख्ख्या लीगची सरासरीच ०.३०३ होती, म्हणजे १९६८ च्या अव्वल फलंदाजापेक्षाही जास्त. आणि १९६८ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी होती ०.२३०. ते वर्ष गोलंदाजांचं. पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, उभा राहतो तो उंचवटा तेव्हा १५ इंचांचा होता. फलंदाज इतके हतबल झाले की पुढच्या वर्षी तो १० इंचांवर आणावा लागला. आता भागाकार करा. टेरी आपल्या लीगच्या १.३२ पट, यास्ट्रेम्स्की १.३१ पट. जवळजवळ बरोबरी. तुमच्या मुलाने तिसरीतला प्रश्न विचारलेला नाही, संख्याशास्त्राच्या मुळाशी असलेला प्रश्न विचारलाय.

आणि हा प्रश्न तुम्ही रोज सौद्यात सोडवता. दुष्काळी वर्षातला हळदीचा भाव आणि भरघोस आवकेच्या वर्षातला भाव शेजारी ठेवून 'यंदा कमावलं की घालवलं' असं तुम्ही म्हणता का? आधी आवक बघता. पोरगा तेच बघतोय. ते त्याने दुकानातून उचललं असेल, तर मला नवल वाटणार नाही.

'निदान क्रिकेटचं तरी करावं, बेसबॉलचा आपल्याला काय उपयोग,' असंही तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज बहुतेक पालकांचा असतो. अभ्यास खेळाचा नसतो, नोंदींचा असतो. बेसबॉलची प्रत्येक खेळी म्हणजे एक पिचर, एक फलंदाज आणि मोजक्या शक्यता. म्हणून ती मोजायला सोपी. हंगामात एकेक संघ १६२ सामने खेळतो. लाहमन डेटाबेसमध्ये १८७१ पासूनचे आकडे कुणालाही फुकट मिळतात. शिकणाऱ्याला इतका स्वच्छ आणि लांबलचक साठा क्वचितच मिळतो. शिवाय ही नोंदींची शिस्त बेसबॉलमध्ये रुजवणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, आधी क्रिकेटवर लिहिणारा पत्रकार होता. आणि या नोंदी मेलेल्या नाहीत. कृष्णवर्णीय खेळाडूंना वेगळं ठेवणाऱ्या काळातल्या निग्रो लीग्जचे आकडे २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत घेतले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्या वर निग्रो लीग्जमधला जॉश गिब्सन आला, ०.३७२ वर. गिब्सन १९४७ सालीच वारला होता. जुने आकडे नीट मोजणं हे न्यायाचंही काम असतं.

ड्रॉप नको. जेईईचा क्लास बंद करा, रसायनशास्त्रात बारावीपुरते गुण पुरेत. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.ची प्रवेश परीक्षा गणिताची असते. नाही जमलं तर पुण्यात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा. पुणे विद्यापीठात १९५३ साली संख्याशास्त्र विभाग उभारणारे वसंत शंकर हुजूरबाजार तुमच्या शेजारच्या कोल्हापूरचे. काम बँकेत, विम्यात, औषधांच्या चाचण्यांत, शेतमालाच्या अंदाजात, सगळीकडे आहे.

पुढचं मुलाला वाचायला द्या.

बाळा, अमेरिकेतल्या क्लबात नोकरी हे ध्येय आत्ता ठेवू नकोस. जागा मोजक्या आणि दारात रांग मोठी. बेसबॉलच्या आकड्यांचा नामवंत अभ्यासक बिल जेम्स याने १९७७ मध्ये स्वखर्चाने पहिली पुस्तिका काढली, तेव्हा तो कॅन्ससमधल्या एका डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता. बॉस्टन रेड सॉक्स या क्लबाने त्याला घेईपर्यंत पंचवीस वर्षं गेली. क्लास बुडवलास ते वडिलांना आधी सांगायला हवं होतंस. आणि तुझा भागाकार अर्धवट आहे. लीगच्या सरासरीने भागलंस, पण त्या लीगमधले बाकीचे फलंदाज सरासरीभोवती किती पसरलेले होते? दोन्ही वर्षांचं प्रमाण विचलन काढ. मग रोबर्टो क्लेमेंटे या फलंदाजाच्या १९७० च्या हंगामाकडे जा. पहिल्या ४५ संधींत त्याचा आकडा ०.४०० होता, उरलेल्या हंगामात ०.३४६. पंचेचाळीस संधींवरून पुढचं किती सांगता येतं? याला कॅल्क्युलस लागेल, तेव्हा तो धडा वगळू नकोस.

आणि अडतदार साहेब, वह्या तुम्ही स्वतः खाली काढा, मुलाला चढायला लावू नका. १९६८ चं पान उघडून त्याला म्हणा, हे मला समजावून सांग.